चकलीवरची रेघ, गोळीवरची रेघ

आमच्या घरात चकलीचा एक जुना पितळी सोऱ्या आहे. सासूबाईंच्या लग्नातला. त्याच्या चांदणीच्या ताटलीला एका टोकाशी बारीकसा कंगोरा आलाय, कधीतरी हातातून पडली असेल. त्या ताटलीतून पीठ दाबलं की प्रत्येक चकलीच्या अंगावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बारीक रेघ उमटते. बोटाला लागत नाही, पण उजेडात धरली की दिसते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून फराळाचं ताट आलं. सासूबाईंनी चकली हातात घेतली, चष्मा वर-खाली केला नि म्हणाल्या, "ही आपल्याच सोऱ्याची." आणि खरंच, धाकट्या जावेनं मला न सांगता सोऱ्या वर नेऊन दिला होता!

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढे चारच महिन्यांनी त्याच वहिनींकडे घरफोडी झाली, आणि ती चकली मला पुन्हा आठवली.

वहिनी लग्नाला गावी गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तो कुलूप जसंच्या तसं लटकतंय, पण कोयंडा चौकटीतून उचकटून काढलेला. आतलं कपाट फोडलेलं. मंगळसूत्र अंगावर होतं म्हणून वाचलं, पण पाटल्या, लेकीच्या लग्नासाठी जमवलेली चांदीची भांडी, सगळं गेलं. बिल्डिंगमधली आम्ही सगळी माणसं धावलो. धावलो, आणि जे करू नये ते सगळं केलं. कुणी चौकटीवर हात टेकून डोकावलं, कुणी पडलेला भुसा केरसुणीनं लोटला. आमच्या 'ह्यां'नी तर कमालच केली. चौकटीच्या लाकडात पातं घुसवल्याची एक खोल खूण होती. ह्यांनी घरातला स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्या खुणेत घालून पाहिला. "बघू तरी, कशानं उचकटलंय!" बसेना, म्हणून जरा दाबला.

त्याच सुमारास बिल्डिंगमध्ये एक मिस्त्री सुतारकाम करत होता. आमच्याकडे स्वयंपाकघरातलं फडताळ चालू होतं. कुणाच्या तरी तोंडून निघालं, "त्या खुणेची रुंदी अर्धा इंच आहे, आणि मिस्त्रीच्या पेटीत अर्ध्या इंचाची पटाशी आहे." झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्यांना खात्री पटली होती. पोलिसांनी त्याला दोन दिवस चौकशीला बोलावलं, मग सोडलं. गुन्हेगार आजतागायत सापडलेला नाही.

माझ्या दिरांच्या ओळखीचे एक काका न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आहेत. ते एकदा जेवायला आले असता मी हा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "सूनबाई, अर्ध्या इंचाची पटाशी नसलेला एक तरी सुतार तुम्ही पाहिलाय का?"

मला त्या प्रश्नाची लाज वाटली. मग मी त्यांच्याकडून ऐकलं, वाचनालयातून पुस्तकं आणली, जमेल तेवढं वाचलं. मी साधी बी. ए., दुपारच्या शाळेत इतिहास शिकवणारी. पिस्तूल मी सिनेमातच पाहिलंय. पण हा विषय वाचताना सारखं वाटत होतं की अरे, हे तर आपल्याला स्वयंपाकघरातून ठाऊकच आहे!

आता असं पाहा. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन सोऱ्यांच्या ताटल्या सारख्याच. चांदणीला तेवढीच टोकं, भोक तेवढंच मोठं. म्हणून चकली पाहून 'अशा प्रकारच्या ताटलीतून पाडलेली' एवढंच म्हणता येतं. ही झाली जातीची खूण. पण आमच्या ताटलीचा तो कंगोरा? तो कारखान्यात ठरवून घातलेला नाही. तो वापरानं, पडझडीनं, नशिबानं आलेला. ती झाली एकटीची खूण. मिस्त्रीच्या पटाशीची अर्धा इंच रुंदी ही जातीची खूण होती, आणि आम्ही तिला एकटीची समजून बसलो. एकटीची खूण पाहायची, तर पटाशीच्या धारेवरचे बारीक खांडे आणि लाकडात त्यांनी ओढलेल्या रेघा जुळवून बघायला हव्या होत्या. आणि नेमक्या त्याच रेघांवर आमच्या ह्यांचा स्क्रू ड्रायव्हर फिरला होता.

बंदुकीचंही असंच आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल यांच्या नळीच्या आत पिळदार खाचा पाडलेल्या असतात. भोवरा फिरत असला की उभा राहतो, तशी गोळी स्वतःभोवती गरगरत गेली की सरळ जाते, म्हणून ही योजना. गोळी नळीपेक्षा किंचित जाड असते. चाप ओढला की ती त्या खाचांतून अक्षरशः रेटली जाते, सोऱ्यातून पीठ जावं तशी, आणि नळीच्या आतले सगळे कंगोरे आपल्या अंगावर घेऊन बाहेर पडते. खाचा किती, त्यांची रुंदी किती, पीळ उजवा की डावा, ही जातीची खूण. कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरना सहा खाचा आणि डावा पीळ, तर स्मिथ अँड वेसनच्यांना पाच खाचा आणि उजवा पीळ. नुसत्या गोळीवरून एवढं कळतं. खाचांमधल्या बारीक बारीक रेघा मात्र त्या त्या नळीच्या.

गोळी पुढे जाते तेव्हा तिची रिकामी पुंगळी तितक्याच जोरानं मागे आपटते. पुंगळीच्या बुडाशी फायरिंग पिनेचा खड्डा पडतो आणि मागच्या पोलादी पृष्ठभागावरचे ओरखडे तिच्यावर उमटतात, लाखेवर शिक्का उमटावा तसे. गोळी हाडावर आपटून चेपू शकते, पुंगळी सहसा धड राहते. म्हणून तपासनिसाला पुष्कळदा गोळीपेक्षा पुंगळी प्रिय.

या विद्येची पहिली गोष्ट म्हणून जी सांगतात, ती एका घरगड्याची आहे. इंग्लंडात साउदॅम्प्टन गावी १८३५ साली एका श्रीमंत बाईंच्या घरी म्हणे दरोडा पडला. घरच्या बटलरनं सांगितलं की चोरांनी माझ्यावर गोळी झाडली, मी थोडक्यात वाचलो. लंडनहून हेन्री गॉडर्ड नावाचा तपासनीस आला. त्या काळी शिसं वितळवून, साच्यात ओतून लोक घरीच गोळ्या करत. गॉडर्डनं पाहिलं, तर बटलरवर झाडलेल्या गोळीवर टाचणीच्या डोक्याएवढा एक उंचवटा होता आणि बटलरच्या स्वतःच्या साच्यात त्याच जागी तेवढाच खळगा! आपल्या मोदकाच्या साच्याला चीर गेली की प्रत्येक मोदकावर ती उठते, अगदी तसं. बटलरनं कबूल केलं. मालकिणीनं शाबासकी द्यावी, बक्षीस द्यावं, म्हणून त्यानं सगळा बनाव रचला होता.

ही गोष्ट गोड आहे. पुढची नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात वेस्ट शेल्बी नावाचं एक खेडं आहे. १९१५ च्या मार्च महिन्यात तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचा रात्री गोळ्या घालून खून झाला. ती बिचारी जखमी होऊन रस्त्यापलीकडच्या घराकडे धावली आणि त्याच्या दारातच पडली. ते घर होतं चार्ल्स स्टिलो या शेतमजुराचं. नुकताच कामाला लागलेला, बायकापोरांचा धनी, लिहिता-वाचता न येणारा, बुद्धीनंही साधाच. सकाळी दार उघडून प्रेत पाहणारा तोच पहिला.

त्याच्याजवळ पॉइंट बावीसचं एक स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर होतं. भीतीपोटी त्यानं आधी 'नाही' सांगितलं आणि ते लपवायला लावलं. त्या खोटं बोलण्यानंच तो अडकला. खासगी गुप्तहेरांनी त्याला दिवस दिवस डांबून विचारलं आणि त्याच्याकडून कबुलीजबाब मिळवला. वर कोर्टात आला एक तज्ज्ञ, आल्बर्ट हॅमिल्टन. हा गृहस्थ स्वतःला 'डॉक्टर' म्हणवायचा, प्रत्यक्षात पूर्वी बाटल्यांतली औषधं विकायचा! त्यानं छातीठोकपणे सांगितलं की स्टिलोच्या नळीच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि मयताच्या गोळ्यांवर तेच नऊ उमटलेत. छायाचित्रात ते का दिसत नाहीत, असं विचारलं तर म्हणाला, फोटो गोळीच्या दुसऱ्या बाजूचा निघालाय. ज्युरीनं विश्वास ठेवला. तज्ज्ञ म्हणतोय, मग आपण कोण विचारणार? स्टिलोला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली.

त्याची फाशी पुन्हा पुन्हा लांबत गेली. १९१६ च्या जुलैत तर अगदी शेवटच्या घटकेला तहकुबीचा हुकूम आला. त्याच्या बायकोनं ते दिवस कसे काढले असतील, याबद्दल मला कुठल्याच पुस्तकात ओळभरही सापडली नाही. गोळीवरच्या ओरखड्यांवर मात्र पानंच्या पानं आहेत.

शेवटी गव्हर्नरनं फेरतपास करवला. स्टिलोच्या रिव्हॉल्व्हरमधून चाचणीसाठी गोळ्या झाडल्या आणि त्या रॉचेस्टरच्या बॉश अँड लाँब या भिंगं करणाऱ्या कंपनीतल्या मॅक्स पोझर या जाणकारानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. नऊ ओरखडे? एकही नाही! शिवाय नळीतल्या खाचांची रुंदीच जुळत नव्हती. खुनाच्या गोळ्यांवर पिळांची जी विचित्र सदोष ठेवण होती, ती स्टिलोच्या नळीत नव्हती. जातीची खूणसुद्धा वेगळी, मग एकटीच्या खुणेचा प्रश्नच कुठे येतो! १९१८ साली तो सुटला. तीन वर्षं तो तुरुंगात होता, ते एका माणसानं 'मला दिसतं' असं म्हटल्यामुळे.

त्या फेरतपासात चार्ल्स वेट नावाचा एक सरकारी माणूस होता. त्याच्या मनाला हे फार लागलं असावं. त्यानं उरलेलं आयुष्य बंदुका बनवणाऱ्या कारखान्यांकडे खेटे घालून प्रत्येक बंदुकीच्या खाचांची मापं गोळा करण्यात घालवलं. १९२५ च्या सुमारास कॅल्व्हिन गॉडर्ड (तो साउदॅम्प्टनचा गॉडर्ड वेगळा), फिलिप ग्रॅव्हेल, जॉन फिशर हे त्याला मिळाले. ग्रॅव्हेलनं कंपॅरिझन मायक्रोस्कोप या कामाला लावला. म्हणजे दोन सूक्ष्मदर्शक एका पुलानं जोडलेले, डोळ्याला दोन्हींचं अर्धं अर्धं चित्र एकाच वर्तुळात दिसतं. एकीकडे गुन्ह्यातली गोळी, दुसरीकडे चाचणीतली. मधल्या रेषेवर रेघेला रेघ भिडते का, ते पाहायचं. साडीचा फाटलेला काठ रफू करताना आपण नक्षीला नक्षी जुळवतो ना, तसं. आणि महत्त्वाचं म्हणजे, जे तज्ज्ञाला दिसतं ते आता दुसऱ्यालाही दाखवता येऊ लागलं.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभं करून मारलं. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या वेशात होते, त्यामुळे खऱ्या पोलिसांवरच संशय. गॉडर्डनं पुंगळ्या तपासून सांगितलं की दोन टॉमी गन वापरल्यात आणि त्या पोलिसांजवळच्या नाहीत. वर्षअखेरीस एका गुंडाच्या घरी दोन टॉमी गन सापडल्या, त्यांच्याशी खुणा जुळल्या. म्हणजे हीच विद्या माणसाला अडकवते तशी सोडवतेही.

हत्यारांच्या खुणांची सगळ्यांत गाजलेली कहाणी मात्र आईच्या काळजाला हात घालणारी आहे. १ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीत विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या वीस महिन्यांच्या बाळाला पाळण्यातून पळवून नेलं. खिडकीखाली सापडली एक घरगुती बनावटीची, तीन तुकड्यांची शिडी. पन्नास हजार डॉलरची खंडणी दिली, तरी बाळ परत आलं नाही. मे महिन्यात त्याचं प्रेतच सापडलं.

आर्थर कोलर हा सरकारी वनोपज प्रयोगशाळेतला लाकडाचा जाणकार. त्यानं ती शिडी सुटी करून तिचा प्रत्येक तुकडा भिंगाखाली घातला. लाकूड गिरणीत रंधून येतं तेव्हा यंत्राच्या फिरत्या पात्यांच्या बारीक लाटा त्यावर राहतात. कोलरनं त्या मोजून सांगितलं की ह्या गिरणीत फळीच्या सपाटीला आठ पाती लागतात, कडांना सहा, आणि त्यातलं एक पातं थोडं सदोष आहे. मग पूर्वेकडच्या दीड हजारांहून अधिक गिरण्यांना पत्रं! शोधत शोधत तो दक्षिण कॅरोलायनातल्या एका गिरणीपर्यंत पोचला आणि तिथून माल कुठे कुठे गेला ते धुंडाळत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका वखारीपर्यंत. हे झालं १९३३ साली, संशयित कोण याचा पत्ताही नसताना! पुढल्या सप्टेंबरात खंडणीतली नोट खपवताना ब्रुनो हाउप्टमान हा सुतार पकडला गेला. तो ब्राँक्समध्ये राहायचा आणि त्याच वखारीतून त्यानं लाकूड घेतलेलं होतं.

त्याच्या गॅरेजमधला हातरंधा कोलरनं कोर्टात आणवला. तिथेच लाकूड बांधून त्यावर रंधा चालवला आणि वर कागद ठेवून पेन्सिल घासली. आपली मुलं नाण्यावर कागद ठेवून छाप काढतात, अगदी तीच युक्ती. शिडीवरच्या रेघा आणि नव्या लाकडावरच्या रेघा सारख्या! शिवाय शिडीची एक फळी हाउप्टमानच्या माळ्यावरच्या फळीचाच तुकडा असल्याचं कोलरनं खिळ्यांच्या चार भोकांवरून आणि लाकडाच्या वलयांवरून दाखवलं. एप्रिल १९३६ मध्ये हाउप्टमानला विजेच्या खुर्चीत बसवलं. शेवटपर्यंत तो 'मी नव्हेच' म्हणत होता आणि त्या माळ्याच्या फळीबद्दल शंका घेणारी पुस्तकं नंतरही निघत राहिली. वाचून मला कोलरचंच म्हणणं पटलं. का, तर त्यानं 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हटलं नाही, पेन्सिल घासून दाखवली.

आपल्याकडे १९३० साली कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमला, तिथून या कामाची सुरुवात झाली. महाराष्ट्रात मुंबईला कलिन्यात मोठी प्रयोगशाळा आहे, नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणीही आहेत. जप्त केलेलं पिस्तूल तिथे गेलं की ते पाण्याच्या लांब टाकीत किंवा कापूस भरलेल्या पेटीत झाडतात, म्हणजे गोळी न चेपता हाती लागते. काका म्हणाले, खरी डोकेदुखी गावठी कट्ट्याची. त्याची नळी म्हणजे पुष्कळदा साधा पाइप. आत पीळच नाही, मग गोळीवर ठरलेल्या खाचा कुठून येणार? गोळी सैल असेल तर प्रत्येक वेळी वेगळी घासते. मग सगळी भिस्त पुंगळीवर. छऱ्याच्या बंदुकीचंही तेच, नळी गुळगुळीत असल्यानं छऱ्यांवर नळीची खूण मिळत नाही.

कानशीनं घासून काढलेला बंदुकीचा नंबर परत कसा वाचतात, ते ऐकून तर मी चाटच पडले. आपण लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून घेतो. ठोकून अंक उठवताना खालचं धातूही दाबलं जातं, वर दिसतं त्याहून खोलपर्यंत. वरची अक्षरं घासून टाकली तरी तो दाब आत राहतोच. मग त्या जागी विशिष्ट आम्ल लावलं की दाबलेला भाग नि न दाबलेला भाग वेगवेगळ्या वेगानं खाल्ला जातो, आणि गेलेला नंबर हळूहळू वर येतो. वहीवर जोरात लिहिलेलं पान फाडलं तरी खालच्या कोऱ्या पानावर वळ राहतात ना, तसंच समजा.

या विद्येत फक्त जुळवाजुळवच असते असं नाही. नानावटी खटला आपल्या आईच्या पिढीनं चवीनं वाचला. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी नेलेल्या रिव्हॉल्व्हरच्या तीन गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. रिव्हॉल्व्हर नानावटींनीच नेलेलं, याबद्दल वाद नव्हताच. वाद होता तो झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, की मुद्दाम झाडल्या, एवढाच. इथे शस्त्रतज्ज्ञाची साक्ष झाली. जखमेभोवती जळल्याची, दारूच्या कणांची खूण किती, यावरून नळी किती जवळ होती ते सांगता येतं. आणि तसल्या रिव्हॉल्व्हरचा चाप एकदा दाबून धरला म्हणून तीन गोळ्या सुटत नाहीत. दर गोळीला तो सोडून पुन्हा दाबावा लागतो. शिवाय आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. न्हाणीतून आलेल्या माणसाची झटापट होते आणि टॉवेल सुटत नाही? ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेल्या नानावटींना हायकोर्टानं दोषी ठरवलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते कायम केलं. मला विचाराल तर तो टॉवेल एखाद्या बाईच्या आधी लक्षात आला असता!

एवढं वाचून मी काकांना म्हटलं, "म्हणजे आता हॅमिल्टनसारखं होणं शक्य नाही." ते गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघतो, सूनबाई. पण जुळलं की नाही, हे शेवटी डोळाच ठरवतो."

पुढचं मी शोधून वाचलं. अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या पोलीस प्रयोगशाळेतली बंदुकांची दोनशे प्रकरणं पुन्हा तपासली, तर एकोणीस प्रकरणांत चुका निघाल्या. २००८ मध्ये ती प्रयोगशाळाच बंद केली. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं मोठा अहवाल काढला. किती रेघा जुळल्या म्हणजे 'जुळलं' म्हणायचं, तज्ज्ञ शंभरात कितीदा चुकतो, हे नीट मोजलेलंच नाही, असा त्याचा रोख. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनीही तेच म्हटलं. २०२३ च्या जून महिन्यात मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की 'गोळी याच बंदुकीतून सुटली' असं तज्ज्ञानं निखालसपणे सांगू नये. खुणा विसंगत नाहीत, इतपतच म्हणावं. या धंद्यातली माणसं यावर अर्थातच नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, अनुभवी डोळा क्वचितच चुकतो. असेलही. आमच्या सासूबाईंचा डोळा चकलीच्या बाबतीत आजवर चुकलेला नाही. पण त्यांच्या शब्दावर कुणी तुरुंगात जाणार असेल, तर मी दुसरी चकली मागवून शेजारी ठेवा म्हणेन, आणि ती कुणाच्या घरची ते त्यांना आधी सांगू नका म्हणेन.

आता आपल्या दाराशी येऊ. देव न करो, पण घरफोडी झालीच तर आधी आत शिरू नका. चोर आत असण्याची भीती, हे तर आहेच. पोलीस येईपर्यंत चौकट, कोयंडा, कपाटाची कड यांना हात नको. केर काढायचा नाही, भुसा, रंगाचे पोपडे, पडलेला स्क्रूसुद्धा तिथेच राहू दे. उचकटल्याच्या खुणेत कुठलंही हत्यार घालून पाहायचं नाही. पोलिसांनाही ते करायची मनाई असते. खूण जशीच्या तशी उचलायची तर त्या लाकडाचा तुकडाच कापून नेतात, नाहीतर रबरासारख्या लगद्याचा साचा घेतात, दाताचे डॉक्टर कवळीसाठी घेतात तसा. संशयित हत्यार मिळालं की शिशाच्या मऊ पत्र्यावर त्याच्या नव्या रेघा ओढून त्या साच्याशी ताडून पाहतात. मोबाइलवर लांबून आणि जवळून फोटो मात्र जरूर काढा, जवळच्या फोटोत मोजपट्टी शेजारी धरून, चिकटवून नव्हे. पंचनाम्यात 'कुलूप तोडून' एवढंच न लिहिता खुणा कुठे आहेत, किती आहेत, याची नोंद झाली ना, ते वाचूनच सही करा. 'ह्यांना' सही करू दे म्हणून बाजूला उभ्या राहू नका. घरातली चौकट आपण रोज पुसतो, जुना ओरखडा कुठला नि नवा कुठला, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

१ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा लागू झाला, त्यात सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं जागेवर येऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचं चित्रीकरण व्हावं अशी तरतूद आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. तोवर तरी तज्ज्ञ लगेच आले नाहीत, तर 'येणार आहेत का' असं विचारायला हरकत नाही.

वहिनींची भांडी मिळाली नाहीत. त्यांनी चौकट बदलून घेतली, दुसऱ्या सुताराकडून. जुनी चौकट भंगारात गेली, तिच्यावरची ती खूणही गेली. मिस्त्रीची पटाशी पोलिसांनी परत दिली, पण आमच्या बिल्डिंगमध्ये त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही. तोही आला नाही. आमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ निम्मं झालेलं तसंच उभं आहे. दोन कप्पे आहेत, दारं नाहीत. गेल्या आठवड्यात मी हिय्या करून त्याच्या घरी गेले. त्याची बायको अंगणात गहू निवडत होती. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. तो आतून बाहेर आला. मी फडताळाचं विचारलं, आणि ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर घातल्याचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, त्या खुणेला माझी पटाशी लावून बघा, असं मी तेव्हा चारदा म्हटलं होतं. कुणी लावलीच नाही." फडताळाचं बघू म्हणाला, गणपती झाल्यावर.